थ्रीडी खोली खोटी का दिसते? मॉडेलिंग आणि टेक्स्चरिंग, सोप्या भाषेत

थ्रीडी शिकणारा जवळपास प्रत्येकजण कधी ना कधी एक खोली बनवतोच. चार भिंती, खिडकी, टेबल, खुर्ची, पुस्तकांचं कपाट, वर एक लाइट. मॉडेलं ठीकठाक असतात, टेक्स्चरंही, म्हणजे वस्तूंवर चिकटवायची चित्रं, चांगली भारीतली उतरवून घेतलेली असतात, आणि तरी रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरने काढलेलं शेवटचं चित्र, समोर आलं की बघणारा एका नजरेत ओळखतो, हे कॉम्प्युटरवर केलंय. मग बनवणारा काय करतो, अजून सामान भरतो, अजून पॉलिगॉन, म्हणजे मॉडेल ज्या बारीक सपाट तुकड्यांचं बनतं ते, घालतो, टेक्स्चर २के (२०४८ पिक्सेल) होतं ते ४के (४०९६) करतो, कॉम्प्युटर धापा टाकायला लागतो पण खोली होती तशीच. माझ्या मते बहुतेक वेळा तपशील कमी पडलेला नसतोच. माप, वस्तूंच्या कडा आणि पृष्ठभागाचा रफनेस (तो किती खरखरीत, किती चकचकीत), गडबड इथे असते, आणि तिघांचंही मूळ एकच, की वस्तूवर पडलेला प्रकाश परत कसा फिरतो. म्हणून हा लेख त्याच अंगाने लिहितोय. कुठलं बटण दाबायचं ते सांगणारे व्हिडिओ पैशाला पासरी पडलेत.

मुळात खोली हा प्रकार डोंगर-जंगलापेक्षा अवघड का, तर डोंगर किती उंच असावा हे कोणालाच माहीत नसतं, पण खुर्चीची बसायची जागा गुडघ्याच्या आसपास असते हे लहान पोरालाही कळतं, सांगता आलं नाही तरी डोळ्याला खटकतंच. आणि दुसरं म्हणजे उघड्यावर बराचसा प्रकाश थेट सूर्यातून किंवा आकाशातून येतो, खोलीत मात्र तो खिडकीतून आत शिरतो आणि मग जमिनीवरून छतावर, छतावरून भिंतीवर असा आपटत आपटत आपल्यापर्यंत पोचतो. म्हणजे खोलीतला कोपरा आपल्याला दिसतो तो बव्हंशी अशा आपटून आलेल्या उजेडामुळे. हे गणित नीट पकडायला कॉर्नेल युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी १९८४ साली एक साधा रंगीत भिंतींचा रिकामा खोका घेतला, भिंतीचा रंग शेजारच्या पांढऱ्या भागावर कसा सांडतो ते हिशोबाने काढून दाखवलं, आणि तो कॉर्नेल बॉक्स आजही नवीन रेंडरर, म्हणजे चित्र काढणारे प्रोग्रॅम, तपासायला वापरतात. पुढे १९८६ मधे जेम्स काजियाने सगळ्या प्रकारच्या उजेडाला एकाच समीकरणात बसवलं आणि आजचे पाथ ट्रेसर, म्हणजे उजेडाच्या किरणांचा माग काढणारे रेंडरर, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधला सायकल्स धरून, तेच समीकरण भरपूर नमुने घेऊन अंदाजाने सोडवत असतात. हे डोक्यात ठेवा, पुढे पांढऱ्या भिंतीचा विषय येईल तेव्हा लागणार आहे.

आता माप. ब्लेंडरमधे डीफॉल्ट युनिट मीटर असतं आणि उघडल्यावर समोर जो क्यूब दिसतो तो २ मीटरचा असतो, म्हणजे जवळपास दरवाज्याएवढा, आणि नवीन माणूस त्यालाच चेपून टेबल करतो. मग टेबल दोन मीटर लांब, त्याला शोभेल अशी खुर्ची, खुर्चीला शोभेल अशी खोली, सगळं एकमेकांना शोभतं पण खऱ्या जगाला नाही. आधी नुसते साधे ठोकळे मांडा: टेबलाची उंची ७५ सेंटीमीटरच्या आसपास, बसायची जागा ४५, दरवाजा दोन मीटरहून जरासा उंच, आणि शेजारी एक माणसाच्या उंचीचा खांब उभा करा म्हणजे चूक लगेच दिसते. माप चुकलं तर नुसतं दिसायला वाईट असं नाही, पुढचं सगळंच घसरतं. बल्बचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, त्यामुळे खोली दुप्पट मोठी झाली की तोच बल्ब तिथे एक चतुर्थांश उजेड देतो. कॅमेऱ्याचं मागचं धूसर होणंही अंतरावरच ठरतं, खोली बाहुलीघराएवढी असेल तर फोटो खेळण्यातल्या घराचा वाटतो.

अजून एक छोटी पण डोकेदुखीची गोष्ट. ऑब्जेक्ट मोडमधे वस्तू ताणून लांब केली आणि स्केल अप्लाय केलं नाही, म्हणजे नवीन माप पक्कं केलं नाही, तर सॉफ्टवेअरच्या हिशोबी तो अजून जुना क्यूबच असतो, आणि मग बेव्हल, म्हणजे कडेला गोलाई, मारला की एका दिशेला जाड नि दुसरीकडे पातळ येतो, आणि माणूस तासभर बेव्हलच्या सेटिंगशी भांडत बसतो. कंट्रोल ए, स्केल, संपलं. भिंतींनाही जाडी द्या. कागदासारखी भिंत असली की खिडकीच्या आतली खोल बाजू, जिथे उजेड घासून जातो आणि खिडकी खरी वाटते, ती गायबच होते, शिवाय गेम इंजिनमधे अशा पातळ भिंतींच्या सांध्यातून उजेड आत झिरपतो ते वेगळंच.

मॉडेल म्हणजे शेवटी अवकाशातले बिंदू, त्यांना जोडणाऱ्या कडा, आणि कडांनी वेढलेले फेस. चार कडांचे फेस, म्हणजे क्वॉड, वापरा असं सगळीकडे सांगतात. त्याला कारण आहे, क्वॉडच्या रांगा सलग निवडता येतात, आणि एड कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ मधे दिलेली पृष्ठभाग गुळगुळीत करायची पद्धत क्वॉडवर सगळ्यात सुबक चालते. पण ग्राफिक्स कार्ड शेवटी सगळ्याचे त्रिकोणच करतं. त्यामुळे कपाटाच्या सपाट फळीवर पाच कडांचा फेस राहिला म्हणून काही बिघडत नाही, यावर लोक इतकं का तावातावाने भांडतात मला कळत नाही. उशी, गादी, पडदा अशा वाकणाऱ्या मऊ गोष्टींना मात्र नीट क्वॉड हवेतच.

खरी मेख कडेत आहे. टेबलाची वरची फळी घ्या. कॉम्प्युटरमधे वरचा भाग आणि बाजूचा भाग अगदी शून्य जाडीच्या रेषेत भेटतात. अशी कड जगात कुठेच नसते, धारदार वाटणाऱ्या पत्र्यालाही थोडी गोलाई असतेच. आता ही मिलिमीटरभर गोलाई महत्त्वाची का, तर सपाट भागाचं तोंड एकाच दिशेला असतं, तो चमकला तर सगळा चमकेल नाहीतर काहीच नाही, पण गोलाईत वरच्या दिशेपासून बाजूच्या दिशेपर्यंतच्या सगळ्या दिशा थोड्याथोड्या असतात, त्यामुळे खिडकी कुठेही असो, त्या गोलाईतली एखादी पट्टी नेमकी खिडकीचा उजेड तुमच्या कॅमेऱ्याकडे फेकतेच. फोटोत फर्निचरच्या कडेने जी बारीक उजळ रेघ पळते ती हीच. बेव्हल १ ते २ मिलिमीटरचा, दोन-तीन सेगमेंट (गोलाईचे टप्पे), वर वेटेड नॉर्मल, म्हणजे मोठ्या फेसच्या दिशेला जास्त वजन देणारं सेटिंग, लावा म्हणजे सपाट भागावर विचित्र सावल्या येत नाहीत. आणि सगळ्याला एकच आकडा लावू नका, जुन्या लाकडी टेबलाची कड हात लागून लागून गोल झालेली असते, कपाटाची कापलेली प्लायची कड टोकदार असते, गिलाव्याचा कोपरा थोडा वाकडातिकडा असतो. एवढं एकच काम केलं तरी करड्या रंगातलं बिनटेक्स्चरचं रेंडरसुद्धा एकदम बसल्यासारखं दिसतं.

कपाटातली पुस्तकं एकेक करून बनवायच्या भानगडीत पडू नका. पाच-सहा वेगवेगळ्या जाडीची बनवायची आणि त्यांचे इन्स्टन्स पसरायचे, म्हणजे मेमरीत मॉडेल एकदाच राहतं आणि बाकी नुसती जागा, फिरवणं, लहानमोठं करणं एवढीच नोंद. फक्त सगळी ताठ उभी ठेवू नका, दोनचार कललेली, एखादं आडवं पडलेलं, काही आत सरकलेली.

टेक्स्चरकडे येऊ. चित्र सपाट आणि वस्तू त्रिमित, तर चित्रातला कुठला ठिपका वस्तूवर कुठे बसणार हे सांगावं लागतं, त्याला यूव्ही म्हणतात. पुठ्ठ्याचा खोका कडेने कापून जमिनीवर सपाट उलगडावा तसं मॉडेल उलगडायचं, जिथे कापलं तो सीम, आणि उलगडून निघालेले तुकडे म्हणजे आयलंड. चित्र असं पृष्ठभागावर चिकटवायची कल्पना कॅटमलच्याच १९७४ च्या प्रबंधात मांडलेली आहे, तेव्हा तो युटा युनिव्हर्सिटीत होता. उलगडल्यावर पहिलं काम म्हणजे चौकड्यांचं टेक्स्चर लावून बघणं. चौकडे चौकोनी दिसले पाहिजेत, ताणले गेले तर तिथे लाकूडही ताणलेलं दिसेल, आणि सगळ्या वस्तूंवर साधारण एकाच आकाराचे दिसले पाहिजेत, नाहीतर भिंत धूसर आणि तिच्यावरची फ्रेम सुईसारखी स्पष्ट असा प्रकार होतो.

इथे थोडं गणित करा, फार वेळ वाचतो. समजा २०४८ पिक्सेलचं टेक्स्चर २ मीटर भिंतीवर बसवलं, म्हणजे मीटरला १०२४, सेंटीमीटरला साधारण १० पिक्सेल. आता फुल एचडी रेंडर १९२० पिक्सेल रुंद, आणि कॅमेऱ्याला त्या भिंतीची पावणेचार-चार मीटर रुंदी दिसतेय, म्हणजे स्क्रीनवर सेंटीमीटरला ५ पिक्सेलच मिळणार. टेक्स्चर आधीच दुप्पट आहे! त्याचं ४के केल्याने दिसण्यात काडीचा फरक पडणार नाही. आणि खर्च बघा, ४०९६ बाय ४०९६, पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे ६४ एमबी, त्यात मिपमॅप, म्हणजे लांबून बघायला लागतात त्या अर्ध्याअर्ध्या होत जाणाऱ्या लहान प्रती, ही युक्ती लान्स विल्यम्सची १९८३ ची, त्या अजून एक तृतीयांश घेतात, झाले ८५. एका मटेरियलला, म्हणजे लाकूड, धातू अशा एका पृष्ठभागाला, असे चार नकाशे (टेक्स्चरं) लागतात. अशी दहा मटेरियलं झाली की साधारण ३.४ जीबी गेले, अजून खुर्ची यायचीय. कॉम्प्रेशनने हे बरंच खाली येतं, पण मोठं टेक्स्चर कॅमेऱ्याच्या नाकासमोरच्या वस्तूला द्या, कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याला ५१२ पुरतं.

लाकडाच्या बाबतीत एक गोष्ट फार जण विसरतात. फळीच्या रेघा फळीच्या लांबीने धावतात. ऑटोमॅटिक अनरॅप (उलगडणं) केलं की आयलंड कसेही फिरतात आणि मग टेबलाच्या पायावर रेघा आडव्या दिसतात. असा पाय खरंच केला असता तर पहिल्याच धक्क्याला मोडला असता, आणि बघणाऱ्याला लाकूडकाम येत नसलं तरी काहीतरी चुकलंय हे जाणवतं. आयलंड फिरवून रेघा लांबीला लावा, फळीच्या कापलेल्या टोकाला वेगळं टेक्स्चर द्या जिथे गोलगोल वलयांचे तुकडे दिसतात, आणि चार फळ्या जोडून टेबल असेल तर प्रत्येक फळीचं यूव्ही वेगवेगळं सरकवा. एकच गाठ चारही फळ्यांवर त्याच जागी दिसली की खेळ खलास.

मटेरियल आता जवळपास सगळीकडे पीबीआर पद्धतीचं, म्हणजे खऱ्या प्रकाशाच्या नियमांवर बेतलेलं, असतं. २०१२ मधे डिस्नेच्या ब्रेंट बर्लीने जे मॉडेल मांडलं त्यानंतर ही पद्धत सगळीकडे पसरली, ब्लेंडरमधला प्रिन्सिपल्ड नोड (मटेरियल ठरवायचा डबा) त्याच घराण्यातला. मुख्य चार गोष्टी: बेस कलर (मूळ रंग), मेटॅलिक (धातू आहे का), रफनेस आणि नॉर्मल (पृष्ठभागाचं तोंड कुठल्या दिशेला). मेटॅलिक जवळपास नेहमी ० किंवा १, अर्धवट धातू असं काही नसतं, धूळ-गंजाच्या सीमारेषेवरचे पिक्सेल सोडले तर. धातू नसलेल्या बहुतेक वस्तू समोरून बघितल्या तर साधारण ४ टक्केच प्रकाश आरशासारखा परत पाठवतात, पण अगदी तिरक्या नजरेने बघाल तसं ते वाढत जाऊन आरसाच होतो, म्हणून जमिनीला गाल लावून बघितलं तर मॅट फरशीसुद्धा चमकते. हे सगळं शेडर, म्हणजे पृष्ठभागावरच्या उजेडाचा हिशोब करणारा प्रोग्रॅम, आपोआप करतो, आपण फक्त त्याला खोटी माहिती द्यायची नाही.

खोटी माहिती कशी दिली जाते बघा. बेस कलरमधे सावली किंवा उजेड अजिबात नको, नुसता रंग. फोटोवरून टेक्स्चर केलं की त्यात फोटो काढतानाचा उजेड भाजलेला असतो, मग खोलीतला उजेड डावीकडून आणि विटांच्या सावल्या पण डावीकडेच. पांढरी भिंत म्हणून रंग पूर्ण १ (म्हणजे पडलेला सगळा उजेड परत) करायचा नाही. ताज्या बर्फासारखी गोष्टसुद्धा साधारण ०.८ ते ०.९ च्या आसपास असते, आणि कोळसा ०.०४ च्या जवळ, म्हणजे पूर्ण काळं पण नाही. मघाशी म्हटलं तो आपटणारा उजेड इथे आठवा. भिंत ०.८ असेल तर पाचदा आपटल्यावर उजेड ०.३३ उरतो, ०.९५ केली तर ०.७७ उरतो. बघताना दोन्ही पांढऱ्याच, पण दुसरीत कोपऱ्यातल्या सावल्या विरघळून जातात आणि खोली ट्यूबलाइटच्या डब्यासारखी सपाट होते, मग माणूस लाइटची सेटिंग बदलत बसतो.

दुसरी नेहमीची चूक कलर स्पेसची, म्हणजे फाइलमधले आकडे कसे वाचायचे त्याची. बेस कलर हे डोळ्यासाठीचं चित्र, ते एसआरजीबी (स्क्रीनसाठीची पद्धत). रफनेस, मेटॅलिक, नॉर्मल हे चित्रासारखे दिसणारे आकडे आहेत, त्यांना नॉन-कलर ठेवायचं. रफनेसचं टेक्स्चर चुकून एसआरजीबी राहिलं तर मधला करडा ०.५ च्या जागी सुमारे ०.२१ वाचला जातो, आणि सगळं लाकूड ओलं झाल्यासारखं चकाकतं. नॉर्मल मॅप तो निळसर जांभळा दिसणारा, त्यात प्रत्येक ठिपक्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते तीन रंगात भरलेलं असतं, सपाट भाग म्हणजे १२८, १२८, २५५. त्याचा हिरवा चॅनल ओपनजीएल आणि डायरेक्टएक्सच्या पद्धतीत एकमेकांच्या उलट, त्यामुळे चुकीचा उतरवला की भिंतीतले खड्डे फुगवटे होतात. आणि नॉर्मल मॅप नुसता उजेडाला फसवतो, ही फसवाफसवीची कल्पना जिम ब्लिनने १९७८ मधेच दिली होती, बाह्यरेषा मात्र सपाटच राहते. म्हणून समोरून भिंत झकास आणि कोपऱ्यावर कापलेल्या कागदासारखी. जाड गालिच्याला खरी भूमितीच लागते.

आता माझा आवडता भाग, रफनेस. लोक जुनेपणा दाखवायला बेस कलरमधे डाग ओततात. खरं तर वापरलेल्या टेबलाचा रंग फारसा बदललेला नसतो, बदललेली असते त्याची चमक. जिथे रोज मनगट टेकतं तिथे थोडा गुळगुळीत पट्टा, ओला पेला ठेवला होता तिथे पुसट कडं जे वरून दिसतच नाही पण खिडकीच्या उजेडात तिरकं बघितलं की दिसतं, मागच्या कडेला जिथे फडकं पोचत नाही तिथे धुळीने मारलेली चमक. ड्रॉवरच्या हँडलवर बोटं लागतात तिथे रफनेस कमी, खाचेत जास्त. हे सगळं फक्त काळ्यापांढऱ्या मास्कने, म्हणजे कुठे किती ते सांगणाऱ्या चित्राने, होतं, पर्लिन नॉइज (ढगांसारखा विस्कळीत नमुना) घ्यायचा, केन पर्लिनने १९८५ मधे मांडलेला हा नॉइज जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमधे असतो, आणि रफनेस ०.३५ ते ०.५५ असा हलवायचा. थोडाच. तपासायचं असेल तर बेस कलर काढून सगळ्याला एकच करडा रंग द्या आणि रेंडर बघा, लाकूड, धातू, प्लॅस्टिक तरीही वेगवेगळं ओळखू येत असेल तर काम झालंय.

एज वेअर नावाचा प्रकार मात्र जपून. कडा शोधून आपोआप रंग उडवणारे मास्क एका क्लिकवर मिळतात, मग पुस्तक, दरवाजा, स्विच, सगळ्याच्या सगळ्या कडा सारख्याच झिजलेल्या. झीज हात, पाय, खुर्ची, झाडू लागतो तिथे होते. दरवाज्याची खालची कड झिजेल, वरच्या कडेला कोण हात लावतंय.

टाइल होणारं टेक्स्चर भिंतीवर पुन्हापुन्हा दिसतं त्याला उपाय म्हणजे त्यावर खूप मोठ्या आकाराचा पुसट नॉइज मिसळणं, आणि एखादाच डाग, खिळ्याचं भोक, तडा हवा असेल तर तो भिंतीच्या टेक्स्चरमधे न घालता वरून डीकल, म्हणजे स्टिकरसारखं चित्र, म्हणून चिकटवणं. पॉली हेवनसारख्या साइटवर सीसी झिरो टेक्स्चरं मिळतात, फुकट आणि कुठेही वापरता येतात, सगळं स्वतः बनवायचा हट्ट नको.

हे सगळं इतकं जमू शकतं का अशी शंका असेल तर आयकियाचं उदाहरण आहे, २००६ मधे त्यांच्या कॅटलॉगमधे बर्टिल नावाची एक लाकडी खुर्ची कॉम्प्युटरवर बनवलेली छापली गेली, आणि त्यानंतर अशा चित्रांचं प्रमाण वाढतच गेलं.

उजेडाबद्दल थोडक्यात. खिडकीला काच लावली की पाथ ट्रेसरला त्यातून सूर्य शोधणं फार अवघड जातं आणि चित्र ठिपक्यांनी भरतं, म्हणून सावलीच्या किरणांपुरती काच पारदर्शक करतात, किंवा सरळ काच काढून टाकतात, कोणाला कळत नाही. खिडकीबाहेरचं पांढरंफट्ट जळत असेल तर लाइट कमी करण्याआधी व्ह्यू ट्रान्सफॉर्म, म्हणजे हिशोबातला उजेड स्क्रीनच्या रंगात बसवायची पद्धत, बघा, ब्लेंडर ४.० पासून एजीएक्स डीफॉल्ट आहे तोच राहू द्या, जुन्या फाइलमधे फिल्मिक किंवा स्टँडर्ड राहिलेलं असतं.

आणि शेवटी डीनॉइजर, म्हणजे ठिपके पुसणारा प्रोग्रॅम. खोलीत ठिपके जास्त येतात म्हणून तो लागतोच, पण कमी सॅम्पलवर (किरणांच्या नमुन्यांवर) लावला की तो ठिपके कुठले आणि टेक्स्चर कुठलं यात गोंधळतो, आणि आपण मेहनतीने केलेला तो पेल्याचा पुसट डाग, गिलाव्याचे कण, कापडाचं विणकाम हे सगळं मेणासारखं पुसून टाकतो. इंटेलच्या ओपन इमेज डीनॉइजरला अल्बेडो (मूळ रंग) आणि नॉर्मलचे पास, म्हणजे वेगळी काढलेली चित्रं, जोडीला दिले की रंगातला आणि उंचसखलपणातला बारीक तपशील बराच वाचतो, पण रफनेसचा डाग त्या दोन्ही पासमधे नसतोच, तो फक्त प्रतिबिंबात दिसतो, त्यामुळे तो ठेवायचा असेल तर तिथे सॅम्पल वाढवण्याला पर्याय नाही. पूर्ण फ्रेम परत करू नका, रेंडर रीजनने टेबलाचा तेवढाच चौकोन जास्त सॅम्पलवर काढा आणि वर बसवा.